बॉस सगळ्यांचा, गुण ज्याचे त्याचे

मागच्या अंकात सुट्टीत घरच्या घरी खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले : पार्टी गेममध्ये बॉस आला की घरातलं कोण किती पाण्यात आहे ते कळतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देते. ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पार्टी गेम म्हणजे चार-पाच जणांनी एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून खेळायचा गेम. फासा टाकायचा, पटावर पुढे सरकायचं, मधेमधे मिनिटभराचे छोटे खेळ खेळायचे. 'मारिओ पार्टी' हे यातलं सगळ्यांत मोठं घराणं, १९९८ पासून चालू असलेलं. आणि बॉस म्हणजे वाटेत आडवा येणारा मोठा शत्रू. एरवी एकमेकांचे पाय ओढणारे चौघे त्याच्यापुढे एक होतात. निदान व्हावेत अशी अपेक्षा असते.

प्रश्न : तुमची सगळ्यांत आवडती बॉस फाइट कोणती? एकच सांगा, यादी नको.
*– वाचक, ठाणे*

एकच, तर 'मारिओ पार्टी १०' मधली 'बाउझर पार्टी'.

कट्टर मंडळी लगेच हात वर करतील. म्हणतील, ही बॉस फाइट नव्हेच, हा तर खेळायचा वेगळा प्रकार. बॉस ठरलेल्या जागी येतो, त्याच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी असते, ती रिकामी केली की तो संपतो. असेल. माझ्या लेखी बॉस तो, ज्याची पाळी आली की पोटात गोळा येतो.

हा गेम २०१५ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोच्या 'वी यू'वर आला. त्या यंत्राबरोबर मधोमध पडदा असलेला एक जाडजूड गेमपॅड मिळायचा. बाउझर पार्टीत पाच जण लागतात. चौघांनी रिमोट घेऊन मारिओ, पीच, योशी वगैरे व्हायचं आणि एकाच गाडीत बसून पटावरून पळायचं. पाचव्याने गेमपॅड घेऊन बाउझर व्हायचं, म्हणजे या सगळ्या गेममधला तो काटेरी पाठीचा, आग ओकणारा खलनायक. चौघे एकामागून एक फासा टाकून गाडी पुढे काढतात. मग बाउझरची पाळी येते आणि तो एकदम चार फासे टाकतो. गाडी गाठली की तो त्यांना एखाद्या छोट्या खेळात ओढतो. कधी आग ओकतो, कधी सगळ्यांना मोठ्या चाकात घालून ते चाक गरागरा फिरवतो. प्रत्येकाकडे मोजकी हार्ट असतात, ती अशी झडत जातात. सगळ्यांची संपली तर बाउझर जिंकला. गाडी शेवटपर्यंत पोचून तारा हाती आला तर चौघे.

आमच्याकडे बाउझर कायम माझे मोठे दीर. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी 'असू दे' म्हणून देऊन टाकणारे. तर हे गृहस्थ गेमपॅड मांडीवर घेतात, चष्मा पुसतात आणि गाडी चार घरांवर आली की अतिशय प्रेमाने म्हणतात, 'या, या, बसा, घाई कसली?' त्या 'बसा'ने माझी पुतणी किंचाळायला लागते. फासे पडायच्या आधीच.

यात जे आहे ते संगणकाने चालवलेल्या बॉसमध्ये कधी येणार नाही. संगणकाचा बॉस दोन-तीन डावांत पाठ होतो. आता तो उडी मारणार, आता बॉम्ब टाकणार, आता दमून खाली बसणार, की मग आपण मारायचं. माणूस बॉस झाला की त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. शिवाय त्याला जुन्या गोष्टी आठवतात. सकाळी चहाचे कप कुणी उचलले नाहीत हे बाउझरच्या बरोबर लक्षात असतं. मग चाकात चौघे पळत असतात आणि चाक नेमकं त्याच माणसाच्या पायाखालून उलटं फिरतं.

गाडीत बसलेल्यांचीही गंमत बघा. जिंकले तर चौघे एकत्र जिंकणार. पण हार्ट प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे आग आली की पहिली दोन मिनिटं 'तू इकडे हो, मी तिकडे होते' असं चालतं, आणि स्वतःकडे एकच हार्ट उरलं की माणूस सरळ दुसऱ्याच्या आड जाऊन उभा राहतो. माझ्या नवऱ्याने हे माझ्या बाबतीत केलेलं आहे. अजून विषय निघतो.

दोष? नशिबाचा भाग फार. चार फाशांनी बाउझर एकदा तुमच्या मागे लागला की कौशल्याला तेवढं मोल राहत नाही. आणि 'वी यू' हे यंत्रच चाललं नाही. जगभरात जेमतेम १ कोटी ३५ लाख विकलं गेलं, म्हणजे निन्टेन्डोच्या हिशेबाने आपटलंच. त्यामुळे माझी आवडती बॉस फाइट फार थोड्यांनी खेळली आहे, आणि ठाण्याच्या वाचकांनी ती खेळली नसेल तर त्यांचा दोष नाही.

प्रश्न : आमच्याकडे 'मारिओ पार्टी ९' आहे. धाकटा मुलगा लढाईभर इकडेतिकडे करत राहिला आणि बॉसला शेवटचा फटका मारून जादा गुण घेऊन गेला. मोठी मुलगी पहिल्यापासून नीट खेळत होती, ती रडून उठली. हा नियम अन्यायाचा नाही का?
*– एक आई, चिपळूण*

अन्यायाचा आहे. आणि तो काढला तर खेळात जीव राहणार नाही.

थोडं मागचं सांगते. पहिल्या आठ 'मारिओ पार्टी' हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने केल्या. २०१२ मध्ये आलेली नववी एनडी क्यूबने केली, तिथे हडसनमधलीच बरीच माणसं गेली होती. त्यांनी जुना साचा मोडला. आधी प्रत्येक जण पटावर आपापल्या वाटेने फिरायचा. नवव्यात चौघांना एकाच गाडीत कोंबलं. ज्याची पाळी तो कॅप्टन, फासा त्याचा, वाटेत मिळणारे मिनी स्टार, म्हणजे जिंकण्यासाठी जमवायचे छोटे तारे, तेही त्याचे. आणि बहुतेक पटांवर वाटेत एक आणि शेवटी एक असे दोन बॉस बसवले. 'टोड रोड'वर लाकिटू आणि विगलर, 'बूज हॉरर कॅसल'च्या टोकाला किंग बू, 'बाउझर स्टेशन'वर आधी बाउझरचं पोरगं आणि मग बाप. जुन्या चाहत्यांनी त्या गाडीवरून खूप आरडाओरडा केला. 'आमचं डावपेचांचं सगळं गेलं' म्हणाले, आणि पटापुरतं ते खरं आहे. पण बॉसच्या जागी तीच गाडी कामाला येते, कारण चौघांनाही एकाच वेळी तिथे पोचावं लागतं. कुणाची सुटका नाही.

लढाईत बॉसची पट्टी सगळ्यांची मिळून एकच असते, गुण मात्र ज्याने जितके फटके मारले त्याचे तितके. लढाई संपली की गुणांच्या क्रमाने मिनी स्टार वाटले जातात. आता शेवटच्या फटक्याचा जादा गुण नाही असं समजा. तुमची मोठी मुलगी अर्ध्या लढाईतच इतकी पुढे गेली असती की उरलेल्या तिघांनी रिमोट खाली ठेवून चिवड्याचा डबा उघडला असता. तो जादा गुण तिघांना शेवटपर्यंत उभं ठेवतो.

आणि त्यातून एक विचित्र क्षण तयार होतो, जो मला फार आवडतो. बॉस मरायला टेकलेला असतो आणि चौघेही हात आखडतात. आत्ता मारलं आणि तो थोडक्यात वाचला तर पुढचा टोला दुसऱ्याचा. ज्याला मारायला सगळे एकत्र आले, तोच पाच-सात सेकंद सगळ्यांच्या मेहरबानीवर जगतो.

मी पुण्यात जपानी शिकले आणि मग अनुवादाच्या कामाने काही वर्षं नागोयात होते. हा गेम मी पहिल्यांदा तिथे घरमालकीणबाईंकडे पाहिला. बाईंची साठी उलटलेली, सुट्टीला नातवंडं आलेली. बाई लढाईभर रिमोट हातात नुसता धरून बसल्यासारख्या दिसायच्या. नातू ओरडायचा, 'आजी, मार ना!' बाई म्हणायच्या, 'मला कुठे जमतंय बाळा.' आणि पट्टी शेवटच्या रेघेवर आली की बाईंचा अंगठा हलायचा. एकदाच. नातवंडांना तो योगायोग वाटायचा. मला पहिले दोन दिवस वाटला.

तेव्हा धाकटा इकडेतिकडे करत होता असं तुम्हाला खात्रीने वाटतं का, ते एकदा तपासा. मोठीला सांगा, पट्टी संपत आली की पडद्याकडे कमी आणि भावाच्या अंगठ्याकडे जास्त बघ.

प्रश्न : बॉसची अर्धी पट्टी संपली की तो लाल होऊन चिडतो. अर्ध्यावरच का चिडतो? आधीच का नाही?
*– इयत्ता पाचवी, रत्नागिरी*

कारण आधीच चिडला तर तुला तो कसा मारतो हे कळायच्या आत तू आउट होशील. पहिल्या अर्ध्यात बॉस तुला शिकवत असतो. उडी कुठे मारायची, कधी थांबायचं, सगळं. दुसऱ्या अर्ध्यात तो तेच वेगाने करतो किंवा नवीन काहीतरी काढतो. यात मागे पडलेल्यांचाही फायदा असतो. पहिला अर्धा भाग पाठ करून पुढे गेलेला ताई किंवा दादा नवीन चालीने गोंधळतो आणि तेवढ्यात तू त्याला गाठू शकतोस. पुढच्या वेळी बॉस लाल झाला की लगेच मारायला धावू नकोस, एक फेरी नुसता बघ. बाकीचे तिघे धावतील. धावू दे.

प्रश्न : कोल्हापुरात शाळेजवळ तासावर प्लेस्टेशन मिळायचं. तिथे आम्ही मित्र 'क्रॅश बॅश' खेळायचो. मेमरी कार्ड नसायचं, त्यामुळे दर वेळी पहिल्यापासून. पहिला बॉस तो गलेलठ्ठ टोळीप्रमुख, त्याला मारेपर्यंत तास संपायचा. पुढे कोण होतं हे आजतागायत कळलेलं नाही. सांगाल का?
*– वाचक, सध्या मुक्काम बंगळुरू*

हे पत्र वाचून मी ऑफिसातल्या तिघांना मोठ्याने वाचून दाखवलं. तिघांचंही तेच झालेलं होतं.

तुमचा तो टोळीप्रमुख पापू पापू. त्याच्या मैदानात खोकी पडायची, ती उचलून त्याच्यावर फेकायची. त्याच्या पुढच्या दालनात बर्फावर बेअरमिनेटर, म्हणजे एक अवाढव्य यांत्रिक अस्वल. तिसऱ्या दालनात कोमोडो बंधू, जो आणि मो, आणि ते थेट युद्धयंत्रात बसून येतात. शेवटी नायट्रस ऑक्साइड. हा त्याआधीच्या वर्षी आलेल्या क्रॅशच्या रेसिंग गेममधलाही शेवटचा खलनायक, म्हणजे हरलेला माणूस पुन्हा उभा. त्याची लढाई टप्प्याटप्प्याने रूप बदलते, आणि अशी दमवते की तुमच्या एका तासात ती आटोपली नसतीच.

'क्रॅश बॅश' २००० सालच्या शेवटी आला. क्रॅश मालिकेतले आधीचे गेम ज्या नॉटी डॉग कंपनीने केले त्यांनी तोवर हात काढून घेतला होता. हा ब्रिटनच्या युरोकॉमने केला. त्यातले पोगोचे, रणगाड्यांचे, बर्फावर ढकलाढकलीचे खेळ चौघांसाठी चोख होते. पण बॉस फक्त गोष्टीच्या भागात, आणि तो भाग एकट्याने किंवा दोघांनी खेळायचा. म्हणजे पार्टी चौघांची आणि बॉसपुढे जाताना दोघे बाहेर बसणार. तासाचे पैसे मात्र चौघांनी भरलेले. हा मला त्या गेममधला सगळ्यांत मोठा दोष वाटतो. तुमच्यापैकी बाहेर कोण बसायचं ते पत्रात लिहिलेलं नाही. तुम्ही नसणार, नाहीतर पापू पापू इतका आठवला नसता.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघंच. स्पर्धेचे गेम खेळलो की भांडण ठरलेलं. एकमेकांविरुद्ध नाही अशी बॉस फाइट असलेला पार्टी गेम आहे का?
*– वाचक, डब्लिन*

'ओव्हरकुक्ड' घ्या. भांडण टळेल असं मी म्हणत नाही. विषय बदलेल.

२०१६ चा गेम, इंग्लंडमधल्या घोस्ट टाउन गेम्स नावाच्या दोघांच्या कंपनीने केलेला. सगळे मिळून एक स्वयंपाकघर चालवायचं : कुणी चिरायचं, कुणी शिजवायचं, कुणी भांडी घासायची. आणि यातला बॉस हा माझ्या यादीत (ठाणेकरांनी यादी नको म्हटलंय, पण ते त्यांच्या प्रश्नापुरतं) दोन नंबरवर. स्पॅगेटी आणि मीटबॉलचा डोंगराएवढा राक्षस शहरावर चालून येतो. नाव 'एव्हर पेकिश', म्हणजे कायमचा भुकेला. त्याला मारायचं नसतं, त्याला जेवायला घालायचं असतं.

गेम उघडताच पहिल्या मिनिटात तुम्हाला एका गच्चीवर त्याच्यासमोर उभं करतात. टोमॅटो आणि लेट्युस चिरून सॅलड द्यायचं. तुम्ही देता, तो गिळतो, पुन्हा मागतो. तुम्ही हरताच, हरण्यावाचून दुसरं काही ठेवलेलंच नाही. मग कांद्याचा राजा आणि त्याचा केविन नावाचा कुत्रा तुम्हाला काळाच्या दारातून मागे १९९३ सालात पाठवतात : जा, आधी स्वयंपाक शिकून या. पुढचा सगळा गेम म्हणजे ते शिक्षण. जहाजाच्या डेकवर, धावत्या ट्रकांवर, बर्फाच्या लादीवर सूप, बर्गर, पिझ्झा करायला शिकायचं, आणि शेवटी पुन्हा त्याच राक्षसापुढे उभं राहायचं. आता त्याचं सॅलडवर भागत नाही. तोवर शिकलेलं सगळं एकापाठोपाठ एक मागतो.

मला यात आवडतं ते हे, की बॉसकडे तुमचं लक्षच नसतं. तो मागे गुरगुरत असतो आणि तुम्ही ओरडत असता, 'ताट कुठाय? घासलेलं ताट दे!' लग्नघरात आचाऱ्याच्या मागे उभं राहिलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. हरलात तर खापर राक्षसावर फुटत नाही, ताटं न घासणाऱ्यावर फुटतं. म्हणून म्हटलं, विषय बदलेल.

'ऑल यू कॅन ईट' नावाने या गेमचे दोन्ही भाग एकत्र मिळतात आणि त्यात वेळ वाढवून घ्यायची सोय आहे. पहिल्या आठवड्यात ती चालू ठेवा. अभिमान नंतर.

प्रश्न : नव्या 'जाम्बोरी'त आठ जण मिळून बाउझरशी लढतात म्हणे. फक्त तेवढ्यासाठी घ्यावा का?
*– वाचक, नागपूर*

फक्त तेवढ्यासाठी नको.

'सुपर मारिओ पार्टी जाम्बोरी' ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या 'स्विच' या यंत्रावर आला आणि एकूणात चांगला आहे. पट छान, छोटे खेळ शंभरावर. तुम्ही म्हणता तो प्रकार म्हणजे 'बाउझर कबूम स्क्वॉड'. इंटरनेटवरून आठ जण जमतात, समोर बाउझरचा एक तोतया. बॉम्ब गोळा करायचे, तोफांपर्यंत वाहून न्यायचे, डागायचे. मधे छोटे खेळ. सगळे एका बाजूला, कुणाचं कुणाशी वैर नाही, आणि तिथेच मला जांभया येतात. सहकारी सोसायटीच्या श्रमदानासारखं वाटतं. मी तीन बॉम्ब नेले काय आणि दहा नेले काय, बाजूच्याला त्याचं सुखदुःख नाही. 'ओव्हरकुक्ड'मध्येही सगळे एकाच बाजूला असतात, पण तिथे एकाच्या आळसाने दुसऱ्याचं अडतं, आणि अडलेला माणूस शेजारीच बसलेला असतो. आठ शहरांतल्या आठ अनोळखी लोकांत कोण कुणाला बोलणार?

त्यापेक्षा तुमच्याकडे किंवा चुलतभावाच्या कपाटात निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना '३डीएस' पडला असेल तर २०१६ ची 'मारिओ पार्टी : स्टार रश' शोधा. फार कुणी नाव घेत नाही. तिच्यातल्या 'टोड स्क्रॅम्बल'मध्ये पाळी नसतेच, चौघे एकाच वेळी फासा टाकतात आणि चौकटींच्या मैदानावर हवं तिकडे जातात. वाटेत मारिओ, लुइजी वगैरे साथीदार गोळा करता येतात. बॉस मैदानात एका जागी उभा. ज्याचं पाऊल आधी पडलं त्याची लढाई सुरू! उरलेल्यांनी 'ए'चं बटण जिवाच्या आकांताने बडवत धावत यायचं. धावत येईपर्यंत पहिला मनसोक्त फटके मारत असतो आणि तुम्ही लांबून ते बघत असता. वाटेत जमवलेले साथीदार लढाईतही मदत करतात, म्हणून बॉसकडे थेट पळायचं की वाट वाकडी करून एक साथीदार घ्यायचा हा हिशेब दर फेरीला पडतो. मारिओ पार्टीत याहून चांगली लढाईची सुरुवात मी पाहिलेली नाही. शेवट मात्र तितका रंगत नाही. पडदा लहान, प्रत्येक जण आपापल्या यंत्रात डोकं घालून बसलेला, कुणाचा चेहरा दिसत नाही. आणि बॉस फाइटमध्ये निम्मं सुख चेहरे बघण्यात असतं.

प्रश्न : वय ७१. नातवंडं खेळायला बोलावतात, पण माझी बोटं वेगाने चालत नाहीत. बॉस आला की मी रिमोट नातीकडे देतो. मला जमेल असा एखादा बॉस?
*– एक आजोबा, नाशिक*

आजोबा, रिमोट देऊ नका. जमतील असे आहेत.

'मारिओ पार्टी ९' मधला किंग बू. त्याच्याशी उड्या मारून लढायचं नसतं. एकाच रंगाचे तुकडे जुळवले की त्याला फटका बसतो. नजर पाहिजे. जे दुपारी पत्त्यांचा पेशन्स लावतात त्यांना हा बॉस घरचा वाटतो. त्यात पोरं घाई करतात आणि समोरची सोपी जुळणी त्यांच्या हातून निसटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तसाच 'मारिओ पार्टी १०' मधला कामेक हा जादूगार, त्याची लढाई पत्त्यांची आहे.

आणि बाउझर पार्टी मिळाली तर गेमपॅड तुम्हीच मागून घ्या. बाउझरला धावपळ कमी, दहशत जास्त. आमचे भाऊजी काही फार चपळ नाहीत.

प्रश्न : तुम्ही सांगितलेले जुने गेम आता घ्यायचे तर काय बघून घ्यावं? मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाने जपानी 'वी' स्वस्तात देऊ केलाय.
*– वाचक, डोंबिवली*

स्वस्त का आहे ते सांगते. 'वी' (म्हणजे 'वी यू'च्या आधीचं यंत्र), 'वी यू' आणि '३डीएस' या तिन्ही यंत्रांना प्रदेशाचं कुलूप आहे. जपानी 'वी'वर जपानी डिस्कच चालणार, आणि मग सगळ्या सूचना जपानीत. माझं चालून जातं. तुमच्या घरी बॉस काय करायला सांगतोय हे कळेपर्यंत तो तुम्हाला झोपवेल. दुसरं, जपानी 'वी'चा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये सरळ खुपसला तर धूर निघेल. स्विचला असं कुलूप नाही, तो कुठलाही घेतला तरी चालतो.

नववी आणि दहावी दोन्ही हव्या असतील तर शहाणपणाचा सौदा म्हणजे एक युरोपियन किंवा एक अमेरिकन 'वी यू'. त्याच प्रदेशाच्या 'वी'च्या डिस्क त्यावर चालतात, म्हणजे दोन्ही गेम एका यंत्रात. घेताना गेमपॅड बरोबर आहे आणि चार्ज होतोय हे दुकानातच चालू करून बघा. त्याच्याशिवाय ते यंत्र नुसतं डबडं आहे, आणि सुटा गेमपॅड मिळवणं म्हणजे दुसरं यंत्र घेण्याइतकीच खटपट. रिमोट जुन्या 'वी'चेच लागतात, ते चार जमवा. सेन्सर बार (रिमोटसाठी टीव्हीपाशी ठेवायची पट्टी) विसरू नका, दुकानदार तो हमखास विसरतो. आणि गेम डिस्कवरच घ्या. 'वी यू' आणि '३डीएस'चं ऑनलाइन दुकान निन्टेन्डोने २०२३ च्या मार्चमध्ये बंद केलं, तिथून आता काही विकत घेता येत नाही.

किमतीचं म्हणाल, तर पहिला आकडा ऐकून 'विचार करून सांगतो' म्हणा आणि पायऱ्या उतरायला लागा.